विहिरीवरचा पंचनामा

फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या पोलीसप्रमुखावर मार्टिन वॉकर या लेखकाने कादंबऱ्यांची एक मालिका लिहिली आहे. पहिली कादंबरी २००८ ची. तीत उत्तर आफ्रिकेतून येऊन स्थायिक झालेल्या एका म्हाताऱ्याचा खून होतो. नायक ब्रूनो हा नगराध्यक्षाच्या हाताखालचा माणूस. खुनाचा तपास कायद्याने वरच्या पोलिसांचा. पण गावातली भांडणं, सोयरिकी, जुनी वैरं ठाऊक असतात ती ब्रूनोला. हे वाचलं आणि मला आपल्या वऱ्हाडातला पोलीस पाटील आठवला.

पूर्वी आपल्याकडे पाटीलकी वतनाची. मुलकी पाटील सारा वसूल करी, पोलीस पाटील बंदोबस्त पाही, हाताखाली जागल्या असे. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली, आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. त्याच्याकडे काठीपेक्षा मोठं काम आहे. गुन्हेगार पसार किंवा अज्ञात असेल तर त्याने ठाण्याला ताबडतोब कळवायचं आणि मिळेल तो पुरावा गोळा करून पाठवायचा. प्रेत सापडलं तर गावातली समजदार माणसं जमवून मृत्यूचं कारण पाहायचं, लेखी अहवाल करायचा.

आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यातलं, संत्र्याच्या बागांचं. अब्बा शिंपीकाम करत. त्यांचं मराठी अक्षर सुरेख, म्हणून पाटील पंचनाम्याला त्यांनाच बोलवत. १९८२ च्या उन्हाळ्यात एक नवी सून सकाळी विहिरीत सापडली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मी अकरा-बारा वर्षांचा, अब्बांच्या मागे मागे गेलो. सासरचे लोक पाटलांच्याच भावकीतले. पाटील सांगू लागले, अब्बा लिहू लागले: ‘पहाटे पाणी भरावयास गेली असता पाय घसरून...’ आणि अब्बांचा हात थांबला.

“काहून थांबले चाचा? लिवा ना.”

“पाटील, दोर-बादली कुठी हाये?”

काठावर काही नव्हतं. प्रेत काढताना गळ टाकला होता, पाण्यातही काही लागलं नव्हतं. बादली त्या घरच्या ओसरीत खुंटीला होती, कोरडीठाक. येताना सगळ्यांनीच ती पाहिली होती. पाटील बराच वेळ बोलले नाहीत. बिडी पेटवली, विझवली. मग म्हणाले, “तेबी लिवा.”

दुपारी जमादार आले. त्यांनी बोट ठेवलं ते त्याच ओळीवर. प्रेत शवविच्छेदनासाठी अमरावतीला गेलं. नाहीतर सरण संध्याकाळीच पेटलं असतं, आणि राखेतून कोणता डॉक्टर काय सांगणार होता? पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं होण्याच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन आवश्यक ठरलं. तोवर बरंचसं अशाच एखाद्या ओळीवर अवलंबून असे.

ब्रूनोला मारेकरी सापडला की पुस्तक संपतं. आमच्या पाटलांना त्यानंतरही त्याच भावकीत पंगतीला बसायचं होतं. खटला उभा राहिला, साक्षीदार फिरले, आरोपी सुटले. त्या घरचे आणि त्यांच्या सोयऱ्यांचे कपडे अब्बांकडे येणं बंद झालं. पाटलांनी मात्र पोराच्या लग्नाचा सदरा अब्बांकडूनच शिवला. त्या सकाळबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

आता पोलीस पाटील होण्यासाठी दहावी पास लागतं, परीक्षा द्यावी लागते. २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करायचं ठरलं. राखीव जागांमुळे बायकाही या कामात आल्या आहेत. आमच्या गावची पोलीस पाटीलही एक तरुण बाईच आहे. मागे गेलो तेव्हा तिला विचारलं, प्रेत सापडलं तर आधी काय करता?

“पहिले ठाण्याले फोन, काका. मंग मोबाईलनं फोटो घ्या लागते. थे सारं होते. पन पंच म्हून सही कराले कोनी येत नाई.”