जिल्हा परिषद रिकामी आणि आपण गप्प

एक साधा प्रश्न विचारतो, रागावू नका. २०२३ साली तुमच्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य कोण होता? आठवून बघा. नाही आठवणार, कारण कोणी नव्हताच. २०१७ च्या फेब्रुवारीत आपण जिल्ह्यातून ५५ सदस्य निवडून दिले. त्यांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तिथून पुढे २०२५ साल सरले तरी नवी निवडणूक झाली नाही. पावणेचार वर्षे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक आणि आठही पंचायत समित्यांत गटविकास अधिकारी हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव ज्यांच्या टेबलावरून जायचा, मंजुरीची सहीही त्यांचीच.

अधिकारी वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. कित्येक साहेब सदस्यांपेक्षा जास्त राबतात, हे तुम्ही आम्ही पाहिले आहे. पण साहेबाची बदली होते. तो उद्या नांदेडला नाही तर नाशिकला जाईल. पडलेल्या शाळाखोलीसाठी त्याला त्याच्या दारात जाऊन कोण अडवणार? सदस्य कसाही असो, त्याला पुन्हा मत मागायला यायचे असते. ही भीती फार कामाची असते.

तुम्ही म्हणाल, जिल्हा परिषद नसली म्हणून आमचे काय अडले? आता हेच बघा. गावची प्राथमिक शाळा कोणाची? जिल्हा परिषदेची. अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रस्ता, पाझर तलाव, नळयोजना, आणि जनावरांच्या दवाखान्यांतले बरेचसे तिच्याकडेच. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला, गोठ्यात उभी जनावरे तापाने फणफणली, तेव्हा लस कुठे कमी पडली आणि डॉक्टर किती गावांना एक, हे सर्वसाधारण सभेत उठून विचारणारा माणूस नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने काय केले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जमिनी खरवडून गेल्या, रस्ते वाहून गेले. आमदार-खासदार येऊन गेले, मंत्री येऊन गेले. पण कोणता रस्ता आधी आणि कोणता नंतर, यावर भांडायला ५५ खुर्च्यांपैकी एकही भरलेली नव्हती.

शिवाय पैशाचे पाहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के जिल्हा परिषद व पंचायत समितीला, अशी आपल्या राज्यातली वाटणी होती. पण हा पैसा निवडून आलेल्या संस्थेसाठी असतो. प्रशासक बसले आणि वरच्या दोघींचा वाटा अडकला. निवडणूक घेतली नाही सरकारने, आणि दंड बसला गावाला!

बरे, हे घटनेत बसते का? नाही बसत. कलम २४३-ई मध्ये स्वच्छ लिहिले आहे की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हे कलम कशासाठी आले, ते जुन्या मंडळींना ठाऊक असेल. १ मे १९६२ ला वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आल्या. १९६२, १९६७, १९७२ अशा निवडणुका झाल्या आणि मग गाडी घसरली. पुढची निवडणूक १९७९ ला, आणि त्याच्या पुढची थेट १९९२ ला! तेरा वर्षे! राज्यात सरकारे आली, गेली; जिल्ह्याची निवडणूक कोणालाच नको होती. हा रोग देशभर होता म्हणून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. औषध निघाले, तरी तीस वर्षांनी रोग उलटला.

या वेळचे कारण वेगळे होते, तेही सांगितले पाहिजे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ओबीसींचे राजकीय आरक्षण ठेवायचे तर आयोग नेमून माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. बांठिया आयोगाचा अहवाल आला २०२२ च्या जुलैत. तोवर सरकार बदलले, गट-गणांची रचनाही बदलली, त्यावर पुन्हा दावे झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने ‘जैसे थे’ म्हटले. ओबीसींचा प्रश्न खोटा नव्हता. तो सुटायलाच हवा होता. पण ज्यांनी तो वेळेत सोडवायचा त्यांना घाई नव्हती, हे माझे मत आहे. प्रशासकाला मंत्रालयातून फोन करणे हे ५५ सदस्यांची समजूत घालण्यापेक्षा सोपे असते. सत्तेत या काळात दोन्हीकडचे लोक येऊन गेले, तेव्हा एका पक्षावर बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, आणि ती मुदतही टळली.

आणि आपण? २०२४ मध्ये आपण दोनदा रांगेत उभे राहिलो. दिल्लीला माणूस पाठवला, मुंबईला पाठवला. प्रचाराला घरी आलेल्या एकाही पुढाऱ्याला मी विचारले नाही की आमच्या जिल्हा परिषदेचे काय? तुम्ही विचारले असेल तर तुमचे पाय धरीन. जिल्ह्यात सहाशेवर ग्रामपंचायती आहेत. एवढ्या ग्रामसभांनी नुसता एक-एक ठराव करून पाठवला असता तर टपाल उचलायला माणूस कमी पडला असता. बाकीच्यांचे माहीत नाही, माझ्या गावाने केला नाही. कारण आमच्याकडे ग्रामसभा होते कुठे?

होते म्हणजे कागदावर होते. दवंडीच्या जागी आता व्हॉट्सअॅपवर नोटीस पडते. सकाळी दहाची वेळ असते. साडेदहाला ग्रामसेवक, दोन सदस्य, शिपाई आणि पारावर आधीच बसलेली पाच-सहा म्हातारी माणसे, एवढी हजेरी. महिलांची सभा आदल्या दिवशी घ्यायची असते, तिची आठवण ज्यांच्यासाठी ती आहे त्या बायांनाही नसते. सरपंचबाई घरी आणि खुर्चीत त्यांचे मालक. (निम्म्या जागा बायकांना २०११ पासून आहेत, खुर्ची अजून मिळायची आहे.) कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. तेवढी माणसे येत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! मग चहा होतो आणि गावाचा वर्षाचा आराखडा सात जणांत मंजूर होतो. ही पळवाट सरकारने ठेवली खरी, पण तिच्यावरून रोज चालतो आपण.

मला तर वाटते, वरच्यांना पावणेचार वर्षे निवडणूक लांबवायचा धीर कुठून आला, तर तो इथून आला. जो गाव स्वतःच्या पारावरची सभा ओस पडू देतो, तो जिल्ह्याची सभा ओस पडली म्हणून ओरडणार नाही, हे त्यांना पक्के माहीत आहे.

खोटे कशाला बोलू, मीही त्यातलाच. आमच्याकडे सह्यांची वही दुसऱ्या दिवशी घरोघर फिरते. कित्येक वर्षे मी ओट्यावर बसून, न गेलेल्या सभेला हजर असल्याची सही केली आहे. विषयपत्रिका वाचलीसुद्धा नाही. आपलेच पोरगे शिपाई आहे, त्याला कशाला अडवा, असे म्हणायचे आणि सही ठोकायची. एका वर्षी आमच्या वस्तीच्या रस्त्याचे पैसे दुसऱ्याच कामाला वळले. मी तावातावाने पंचायतीत गेलो, तर ग्रामसेवकाने शांतपणे वही उघडली. ठराव होता, आणि त्याच्याखाली सहाव्या ओळीत माझी सही.

त्यानंतर वही आली ती मी तशीच परत पाठवली. पोरगे म्हणाले, “तात्या, तुमच्या एका सहीनं काय अडतंय?” मी म्हटलं, “काही नाही अडत बाबा. पण पुढची सभा कधी आहे तेवढं सांग, आणि रानात जायच्या आधी, सकाळी आठला ठेवा म्हणावं. वस्तीवरची सगळी घेऊन येतो.” आठला सभा ठेवायचे त्यांच्या जिवावर आले. पण ठेवली. आम्ही एकवीस जण गेलो. कोरम तेव्हाही झाला नाही, सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने पुन्हा बसली. फरक एवढाच की या वेळी आराखडा मोठ्याने वाचावा लागला, आणि वाचता वाचता तिसऱ्या कामावर आमच्यातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “ही मोरी तर मागल्या सालीच झालीय की!”