साक्षरता, कौशल्य आणि दहावी: कोणत्या कामासाठी कुठे जावे?

समजा, तुम्ही जबलपूरच्या राइट टाउनमध्ये शिवणकाम करता. शाळा चौथीनंतर सुटली. आता शिवणकामाचे प्रमाणपत्र हवे आहे आणि जमल्यास दहावीही करायची आहे. ही कामे वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहेत. एका ठिकाणची नोंद दुसरीकडे आपोआप पोहोचेल असे धरून चालू नका.

कोण काय देते?

१. उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७): शिक्षण मंत्रालयाचा कार्यक्रम. वय १५ वर्षे किंवा त्याहून जास्त असलेल्या निरक्षर व्यक्तींना वाचन, लेखन व अंकज्ञान शिकवले जाते. चाचणी उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. मात्र ते आठवीच्या गुणपत्रिकेऐवजी चालत नाही.

२. जन शिक्षण संस्थान: कौशल्य विकास मंत्रालयाची योजना. वय १५ ते ४५. निरक्षर, नवसाक्षर व शाळा सोडलेल्यांना शिवणकामासारखे अल्पमुदतीचे प्रशिक्षण मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग यांना शुल्क नाही.

३. एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था): मुक्त शिक्षणातून तिसरी, पाचवी, आठवी, दहावी व बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्र. दहावीसाठी मराठी माध्यमही उपलब्ध आहे.

दोन मंत्रालये का?

१९६७ मध्ये मुंबईत वरळीला कामगारांसाठी पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. अक्षरओळख आणि हाताचे काम एकाच छताखाली, ही त्यामागची कल्पना. याच विद्यापीठांना पुढे जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. २०१८ मध्ये ही योजना शिक्षणाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. प्रौढ साक्षरता शिक्षण मंत्रालयाकडेच राहिली.

नावात फसू नका

मध्य प्रदेशात ‘जनशिक्षा केंद्र’ म्हणजे परिसरातील सरकारी शाळांचे समन्वय केंद्र. ‘जन शिक्षण संस्थान’ म्हणजे कौशल्य प्रशिक्षण. साक्षरतेची चौकशी जवळच्या सरकारी शाळेत करा. जबलपूरसाठी कोणते जन शिक्षण संस्थान आहे, हे जिल्हा कौशल्य कार्यालयात किंवा माढोताल येथील शासकीय आयटीआयमध्ये विचारा.

तुम्ही काय करावे?

• शिवणकाम आधी शिकायचे असेल तर आठवीची वाट पाहू नका. जन शिक्षण संस्थानात थेट प्रवेश मागता येतो.
• आयटीआयचा विचार असेल तर एनआयओएसमधून आठवी करा. शिवणकाम तंत्रासारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण चालते.
• सर्व ठिकाणी नाव व जन्मतारीख आधारप्रमाणेच लिहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधी आधार दुरुस्त करा.
• प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत जपा आणि पुढच्या कार्यालयात स्वतः दाखवा.

‘हे काम आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले तर लगेच परत फिरू नका. ‘मग कोणाकडे आहे?’ असे विचारा आणि त्या कार्यालयाचे नाव लिहून घ्या.