दोन कोरी पाने

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो, ते साल २००३. धुक्यापायी हातभर अंतरावरचेही दिसेना. तेव्हा हिची समजूत घालायला मी म्हणालो, "अगं, पुढच्या वर्षी खरे स्वित्झर्लंडच दाखवतो तुला!" नव्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात काय काय बोलू नये, याची एक यादी कुणीतरी छापायला हवी. हिने ते वाक्य पुढे कधी बोलून दाखवले नाही. म्हणूनच ते अधिक जड झाले.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. मग घराचे हप्ते आले, मग वडिलांचे आजारपण. २००९ साली मोठ्या हौसेने दोघांचे पासपोर्ट काढले. २०१९ साली त्यांची मुदत संपली, तेव्हा दोन्ही पुस्तिकांत शिक्का म्हणून एक नव्हता. नवे पासपोर्ट घेऊन २०२० च्या मे महिन्यातला बेत आखला, तर मार्चमध्येच देशाबाहेर जाणारी नेहमीची विमाने बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा मार्च संपत आला. तोवर गाठीचे पैसे मुलीच्या कॉलेजकडे रवाना झाले होते.

आणि व्यवसायाने मी कोण, तर मराठीचा प्राध्यापक! वर्गात प्रवासवर्णन शिकवतो. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'तले लंडन नि पॅरिस मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना फिरवून आणले आहे. एकदा एका मुलाने भाबडेपणाने विचारले, "सर, तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात?" मी खाकरलो आणि तास संपवला.

आता येत्या मे महिन्यात नक्की जायचे ठरले आहे. मी लगेच कॉलेजच्या वेळापत्रकासारखा तक्ता केला : आठ दिवस, सात गावे. हिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "अहो, मला सात गावे नकोत. मला एका बाकावर बसायचे आहे."

बावीस वर्षांत मी हिला 'कधी जायचे' हे पुष्कळदा विचारले होते, 'काय बघायचे' हे एकदाही विचारले नव्हते. आता कळले, की हिच्या मनात सगळे ठरलेले आहे. थून आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मध्ये वसलेल्या इंटरलाकेनला मुक्काम. तिथून एक दिवस त्स्वाईझिमेनचे छोटे स्टेशन पाहायचे, कारण १९९५ साली कॉलेजात असताना 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'त ते पाहिले होते. आणि एक दिवस युंगफ्राउयोख. समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवरचे हे स्टेशन. डोंगराच्या पोटातून बोगदा खोदून तिथवर रेल्वे नेण्याचे काम १८९६ साली सुरू झाले आणि १९१२ साली पुरे झाले. "त्यांना सोळा वर्षे लागली," मी म्हणालो. "आपल्याला बावीस," ही म्हणाली.

मग थोडे थांबून म्हणाली, "तेव्हा गेलो असतो, तर बर्फात धावले असते. आता गुडघा ऐकत नाही. बसून बघेन. बर्फ काय, तोच आहे." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर मला उत्तर तरी देता आले असते.

वाचकहो, व्हिसाची फाइल म्हणजे संसाराचे प्रगतिपुस्तकच! बँकेचा उतारा हवा, प्राप्तिकराची विवरणपत्रे हवीत, रजेचे पत्र हवे. किमान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा हवा. फी माणशी नव्वद युरो. शिवाय पासपोर्टात निदान दोन पाने कोरी असावीत अशी अट आहे. आमची सगळीच कोरी. ही एक अट मात्र आम्ही उत्तम गुणांनी पास!

खरी परीक्षा अर्जासोबतच्या पत्राची. आपण मुदत संपण्याआधी परत येऊ, अशी वकिलातीची खात्री पटवावी लागते. तुम्हांला घरी ओढून आणील असे मागे काय आहे, ते मांडायचे. मी लिहायला बसलो : कायम नोकरी, हप्ते चालू असलेले घर, शिकणारी मुलगी, एकोणऐंशी वर्षांची आई. लिहिता लिहिता हात थांबला. ज्यांच्यापायी बावीस वर्षे जाता आले नाही, त्यांचीच ही यादी होती. आजवर मी मनातल्या मनात ज्यांना अडचणी म्हणत आलो, तीच आमची जामिनकी. ज्याच्या मागे हे काहीच नाही, तो मोकळा खरा. पण त्याच्याकडे वकिलाती संशयाने पाहतात.

पत्र मी दोघींना वाचून दाखवले. आई चकलीचा सोऱ्या पुसत होती. गेल्या वर्षी ती दोनदा दवाखान्यात राहून आली आहे. बारा दिवस तिला सोडून कसे जायचे, हा विषय आम्ही तिच्यासमोर टाळतो. नातीने सोबत राहायचे कबूल केले आहे, तरीही.

"माझे नाव लिहिलेस?" आईने विचारले.

"लिहावे लागते. आम्ही परत येणार, याचा तू पुरावा."

"मग मेपर्यंत मला कुठे जाता येणार नाही म्हणायचे," ती म्हणाली आणि पुन्हा सोऱ्या पुसू लागली.

ही चटकन उठून स्वयंपाकघरात गेली. मी कागद सारखे करीत बसलो.

प्रवासाला सहा महिने राहिल्याखेरीज अर्ज घेत नाहीत. म्हणून दिवाळी होईतो फाइल कपाटात, फराळाच्या डब्यांशेजारी ठेवली आहे. आणि आमचा पुरावा सध्या चिवड्यात शेंगदाणे कमी पडले म्हणून कुरकुर करीत घरभर हिंडतो आहे.