ओहोटीच्या वाटेने व्हायकिंगांच्या गावी

व्हायकिंग म्हटले, की शिंगांचे शिरस्त्राण आणि लूटमार एवढेच डोळ्यांपुढे येते. (शिंगे ही पुढच्या काळातील चित्रकारांची करामत!) स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्क्नी बेटांवर एक दिवस भटकले, तर याच लोकांचे घरदार, देव आणि थट्टामस्करीही भेटते.

दिवसाचा बेत मात्र समुद्राला विचारून आखावा लागतो. ब्रॉख ऑफ बर्से हे चिमुकले बेट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण पायी जाता येते ते ओहोटीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन-दोन तासच. वाट शेवाळलेली, निसरडी. परतायला उशीर झाला, तर पुढच्या ओहोटीपर्यंत बोचऱ्या वाऱ्यात बसून राहणे आले. पलीकडच्या हिरव्या उतारावर दगडी घरांची जोती दिसतात, एका छोट्या चर्चच्या भिंतीही. नॉर्वेहून आलेली ही माणसे येथे संसार थाटून राहिली.

तेथून मोटारीने अर्ध्या तासावर मेझहाउ. हे थडगे व्हायकिंगांच्याही सुमारे चार हजार वर्षे आधीचे. कमरेत वाकून लांबलचक बोळातून आत जावे लागते. बाराव्या शतकात आत शिरलेल्या मंडळींनी भिंतींवर रून लिपीत तीसेक लेख कोरले आहेत. कोणी स्वतःचे नाव, कोणी दडवलेल्या खजिन्याची बतावणी, तर कोणी इंगिगर्थ नावाच्या स्त्रीच्या रूपाची वाखाणणी! प्रेक्षणीय स्थळी नावे कोरणारे महाभाग तेव्हाही होतेच.

संध्याकाळी कर्कवॉल गाठावे. ११३७ मध्ये बांधकाम सुरू झालेले सेंट मॅग्नस कॅथेड्रल तांबूस दगडामुळे लांबूनच ओळखू येते. पण समोरच्या संग्रहालयातील देवमाशाच्या हाडाची कोरीव पाटी चुकवू नये. सँडे बेटावर स्कार येथे लाटांनी किनारा ढासळून एक दफन उघडे पडले. १९९१ मध्ये घाईने उत्खनन झाले, तेव्हा नावेत एक वृद्धा, एक पुरुष आणि एक मूल सापडले. नावेचा काही भाग समुद्राने आधीच नेला होता. वृद्धेसोबत पुरलेली ती पाटी मात्र वाचली. ऑर्क्नीच्या किनाऱ्यावरील कितीतरी जुन्या वस्त्या आजही अशाच लाटांच्या तोंडाशी आहेत.