गेमच्या आत दडलेले दहावीचे गणित

दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो, ‘हे पुढे कुठे उपयोगी पडतं?’ आणि याच मुलांच्या हातून गेम सुटत नाही, ही अम्मी-अब्बांची नेहमीची तक्रार. प्रश्नाचे उत्तर आणि तक्रारीवरचा निदान थोडा तरी उपाय एकाच ठिकाणी सापडतो, असे आम्हाला वाटते. ते ठिकाण म्हणजे मॉडिंग.

तयार गेममध्ये आपल्या मनाप्रमाणे बदल करणे म्हणजे मॉडिंग. त्यासाठी लिहिलेल्या सूचनांना स्क्रिप्ट म्हणतात. सोलापूरकरांना ही कल्पना परकी वाटू नये. जेकॉर्डच्या मागावर चादरीची नक्षी छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून उतरते. माग तोच राहतो, कार्डे बदलली की नक्षी बदलते. गेम हा माग, स्क्रिप्ट ही कार्डे.

‘लुआंटी’चे उदाहरण घेऊ. ठोकळ्यांचे जग उभारण्याचा हा मोफत कार्यक्रम 2010 साली ‘माइनटेस्ट’ या नावाने सुरू झाला. त्याचे मॉड ‘लुआ’ या भाषेत लिहितात. ही भाषा 1993 साली ब्राझीलमध्ये तयार झाली. तिच्यात साइन, कोसाइन, वर्गमूळ अशी गणिती फंक्शन्स तयारच असतात. संख्या आत द्यायची, उत्तर बाहेर येते.

समजा, 10 ठोकळे त्रिज्येच्या वर्तुळावर 12 कंदील लावायचे आहेत. 360 भागिले 12, म्हणजे दर 30 अंशांवर एक कंदील. पूर्वेपासून 30 अंशांवरचा कंदील केंद्राच्या पूर्वेला 10 गुणिले कोसाइन 30°, म्हणजे 8.66, आणि उत्तरेला 10 गुणिले साइन 30°, म्हणजे 5 ठोकळ्यांवर येईल. ठोकळा अर्धवट जागी बसत नाही, म्हणून 8.66 मध्ये 0.5 मिळवून ‘फ्लोअर’ हे फंक्शन लावायचे. ते अपूर्णांक खाली सोडते आणि 9 उरतात.

इथे मुले एकदा तरी अडखळतात. साइनला नुसते 30 दिले की उत्तर 0.5 ऐवजी उणे 0.988 येते आणि कंदील भलतीकडेच लागतो. कारण लुआ कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजते. आधी ‘रॅड’ या फंक्शनने अंशांचे रेडियन करावे लागतात. ही चूक स्वतः शोधणारा मुलगा किंवा मुलगी रेडियन कधी विसरत नाही.

राक्षस 10 ठोकळ्यांच्या आतच जागा व्हावा, असे हवे? खेळाडू 6 पूर्वेला आणि 8 उत्तरेला असेल, तर 36 अधिक 64 बरोबर 100, वर्गमूळ 10. हे पायथागोरसचे प्रमेय! खजिन्याच्या पेटीसाठी ‘रँडम’ वापरतात. 20 पैकी एकदाच हिरा निघावा, असे स्वतः लिहिलेल्या मुलाला कळते की पैसे घेऊन उघडणाऱ्या पेट्यांमागेही कुणीतरी आधीच ठरवलेला आकडा असतो. जुगाराच्या मोहापासून वाचवणारी ही मोठी शिकवण आहे.

‘साइन’ या शब्दाचा प्रवासही घरात सांगण्यासारखा आहे. संस्कृतमधला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाला. पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची घडी. आपल्या उर्दूतली ‘जेब’ तिथलीच. लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘सायनस’ झाले आणि त्यावरून साइन. ‘अल्गोरिदम’ हा शब्द तर बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरूनच आला.

अर्थात, काही पथ्ये हवीत. वेळ ठरलेला असावा आणि संगणक घरातल्या सर्वांसमोर असावा. अनोळखी ठिकाणचे मॉड उतरवू नयेत. इतरांबरोबरच्या ऑनलाइन स्पर्धेत मॉड वापरणे ही फसवणूक आहे. आणि आधी चौकटीच्या वहीत आकृती काढावी, मगच स्क्रिप्ट लिहावी.

पालकांना लुआ येण्याची गरज नाही. शेजारी बसून एवढेच विचारा, ‘बेटा, इथे 12 ऐवजी 8 लिहिलं तर कंदील किती अंशांवर येतील?’ उत्तर वहीत काढून दाखवले, तर गणित पोहोचले असे समजा.