टोपीखालचा बदल

जुनी फियाट ‘मिसिंग करते’ म्हणून मालक गाडी घेऊन आला, की साताऱ्याचा असो वा सांगलीचा, जुना मेस्त्री बोनेट उघडून आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो. रोटर उपसतो, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट, म्हणजे वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, फाकवून पाहतो. पॉइंट काळे पडलेले असतील तर पॉलिश पेपरची घडी त्यांच्यामधून दोनदा ओढतो, फिलर गेज सरकवून फट बसवतो आणि सेल्फ मारायला सांगतो. बहुतेक वेळा गाडी सुरळीत चालू लागते. काही महिन्यांनी मात्र तीच तक्रार परत येते.

ही ये-जा कायमची थांबावी म्हणून हल्ली बरेच जण पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवतात. बदल छोटा असतो. टोपी लावली की बाहेरून कळतसुद्धा नाही. पण तो नेमका काय बदलतो हे समजून न घेता बसवला, तर पदरी निराशा येते.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. लांब पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहत असताना व्हॉल्व्ह झटकन बंद केला, तर पाइपला हादरा बसतो. वाहत्या पाण्याचा सगळा जोर त्या एका क्षणात दणका होऊन उसळतो. इग्निशन कॉइलमध्ये विजेचे असेच होते. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो, पॉइंट उघडले की तो तुटतो आणि त्या तुटण्यातून १५-२० हजार व्होल्टचा दणका तयार होतो. रोटर तो पाळीपाळीने चारही प्लगांपर्यंत पोचवतो. म्हणजे ठिणगी पॉइंट जुळल्याने पडत नाही, उघडल्याने पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ही रचना मोटारींसाठी घडवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. पुढची साठेक वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या मुख्यतः तिच्यावरच चालल्या.

मिनिटाला ३,००० फेरे घेणारे चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला १०० ठिणग्या मागते. तेवढ्या वेळा पॉइंट उघडायचे, मिटायचे, आणि प्रत्येक वेळी साधारण चार अँपिअरचा प्रवाह तोडायचा. कंडेन्सर बराचसा मार झेलतो, तरीही एका पॉइंटवर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेंगूळ उठते. शिवाय कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते आणि फट कमी होत जाते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते. पसरणीचा घाट चढताना गाडी दमल्यासारखी वाटते तेव्हा हे एक कारण हमखास तपासावे.

संचात हे उघड-मिट करणारे भागच नसतात. रोटरखाली कॅमवर चार चुंबकांची छोटी कडी बसते आणि पॉइंटच्या जागी एक सेन्सर. चुंबक समोरून गेले की सेन्सरला ते कळते आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. यामागचा ‘हॉल परिणाम’ एडविन हॉल यांनी १८७९ मध्येच शोधला होता. काही संचांत चुंबकाऐवजी खाचांची चकती आणि अवरक्त प्रकाश वापरतात. घासणारे काही नाही, म्हणून झिजणारे काही नाही. क्रायस्लरने १९७३ पासून अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या मोटारींना पॉइंट नसलेली प्रणाली कारखान्यातच दिली. आपल्याकडच्या फियाट, अँबेसेडर आणि पेट्रोल जीप त्यानंतरही वर्षानुवर्षे पॉइंटवरच धावत राहिल्या.

सांगली-साताऱ्याचे या गाड्यांशी नाते नुसते वापरापुरते नाही. फियाट आणि पुढे पद्मिनी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभारली ती वालचंद हिराचंद यांनी. सांगलीतले अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. आणि साताऱ्याची तर स्वतःची स्कूटर होती. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. प्रियाला डिस्ट्रिब्युटर नाही, एकच सिलिंडर असल्यावर वाटप कुणाला करायचे? तिचा पॉइंट मॅग्नेटच्या आत दडलेला. मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेज घालून फट बसवणे हे हातच्या सवयीचे काम. ज्यांना अशा स्कूटरला इलेक्ट्रॉनिक करायचे असते त्यांना मात्र छोट्या संचावर भागत नाही. स्टेटर प्लेट आणि मॅग्नेट बदलून वेगळे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे (सीडीआय) युनिट जोडावे लागते. चांगल्या स्थितीतल्या प्रियावर हा खटाटोप करू नये. तिचा पॉइंट नीट बसवला तर तो पुष्कळ दिवस साथ देतो.

मोटारीला संच बसवायचा, तर आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. बुश झिजलेला असेल तर टायमिंग डगमगतच राहणार, सेन्सर कितीही चांगला असो. वेगाप्रमाणे ठिणगी पुढे-मागे करणारी वजने आणि स्प्रिंगा पूर्वीच्याच राहतात, त्याही साफ करून घ्याव्यात. ब्रिटिश वळणाच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे ऋण अर्थिंगचा संच जोडला तर तो पहिल्याच चावीला जळू शकतो. कॉइलचा रोध संचाला सोसेल असा हवा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून बसू नये. बसवल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग नव्याने जुळवावेच लागते.

पावसाचे काय? वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात टोपीच्या आत दव धरते आणि ठिणगी भलतीकडेच पळते. टोपी, रोटर आणि वायरी जुन्याच असल्याने संच या दुखण्यावर औषध नाही. तडकलेली टोपी बदलणे, आतून कोरडी पुसणे, हाच इलाज.

मूळपणाचा प्रश्न खरा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत, ही त्यातली अट. भोके न पाडता बसणारा आणि अर्ध्या तासात परत काढता येणारा संच निवडावा, तो त्यासाठीच. अशा नोंदणीचा विचार असेल तर परिवहन कार्यालयात आधीच विचारून घेतलेले बरे.

पॉइंट बिघडतात ते हळूहळू, आणि रस्त्याकडेला घासून पुन्हा चालतात. सेन्सर जातो तो अचानक, आणि घाटात त्याची दुरुस्ती होत नाही. म्हणून जाणते मेस्त्री काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांचे स्क्रू एका डबीत भरून फिलर गेजसकट मालकाच्या डिकीत ठेवायला लावतात.