काटा शून्यावर येतो का?

चंदगड तालुक्यातल्या काजू कारखान्यांत बिया वाफवणाऱ्या बॉयलरवर घड्याळासारखी एक गोल तबकडी असते. वाफेचा दाब किती झाला, हे तिचा काटा सांगतो. सुट्टीत घाट उतरून मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगला जाणाऱ्यांना प्रशिक्षकाजवळ तशीच तबकडी दिसते. दोन्हींच्या आतले यंत्र एकाच जातीचे आहे. फरक इतकाच, की पाण्याखाली या काट्यावर माणसाचा श्वास अवलंबून असतो.

हे यंत्र फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी शोधले. तबकडीच्या मागे धातूची एक चपटी, वाकवलेली नळी असते. जत्रेतल्या पिपाणीत फुंकर मारली की कागदाची गुंडाळी उलगडते, तशी आत दाब वाढला की ही नळी किंचित सरळ होऊ पाहते. ती हालचाल छोट्या दात्यांमधून काट्यापर्यंत पोहोचते.

स्कुबाच्या एका सर्वसाधारण सिलिंडरचे आकारमान ११ लिटर असते. त्यात २०० बार दाबाने हवा भरली की सुमारे २,२०० लिटर हवा मावते. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटर खोलीवर ४० लिटर लागते, कारण तिथे दाब दुप्पट असतो. काटा ५० बारवर, म्हणजे लाल पट्ट्यात येण्याआधीच वर निघायचे असते. त्या वेळी ५५० लिटर, म्हणजे १० मीटरवर पावणेचौदा मिनिटांची हवा उरलेली असते. पण गेज ३० बार जास्त दाखवत असेल, तर प्रत्यक्षात उरते ती जेमतेम साडेपाच मिनिटांची.

हवा अचानक संपली की माणूस घाबरतो, श्वास रोखून वर झेपावतो. वर येताना बाहेरचा दाब घटतो, फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले, तर जिवावर बेतते. त्यासाठी फार खोल जावे लागत नाही. दीड-दोन मीटर पाणीही पुरते. म्हणूनच ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या खेळाचा पहिला नियम आहे.

गेज बिघडले की दुरुस्त करायचे की बदलायचे? जिथे ते रबरी नळीला जोडलेले असते, तिथून बुडबुडे येत असतील, तर बहुधा आतल्या इवल्याशा ओ-रिंग झिजलेल्या असतात. जाणकार तंत्रज्ञ त्या थोडक्या खर्चात बदलतो. नळीला चिरा किंवा फुगवटा आला असेल, तर नळी बदलावी. पण काचेच्या आत पाणी किंवा धुके दिसले, काटा अडकला किंवा हवा सोडून दिल्यावरही शून्यावर आला नाही, तर गेजच बदलणे शहाणपणाचे. वाकलेली नळी पूर्ववत होत नाही. शंका असल्यास त्याच सिलिंडरला दुसरे गेज लावून आकडा ताडून पाहावा.

दोन-तीन श्वास घेताना काटा खाली-वर होत असेल, तर मात्र दोष बहुधा गेजचा नसतो; सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसतो. व्हॉल्व्ह उघडताना गेजची काच चेहऱ्यापासून दूर धरावी आणि तो हळू फिरवावा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर उपकरण गोड्या पाण्यात भिजवून धुतले, तर गंज लांबतो.

समुद्राकडे कधी न जाणाऱ्यांच्याही घरी हे गेज येते, ते रुग्णाच्या ऑक्सिजन सिलिंडरवर. घरगुती वापराच्या मध्यम सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला २ लिटर दिल्यास तो साडेबारा तास पुरतो. काटा निम्म्यावर आला की सव्वासहा तास उरतात. इथेही नियम तेच: व्हॉल्व्ह बंद करून नळीतला वायू सोडल्यावर काटा शून्यावर यायलाच हवा. काटा जड चालतो म्हणून तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनशी गाठ पडली की तेल पेट घेते. अशा वेळी गेज पुरवठादाराला परत देऊन दुसरे मागावे.